शिबिरातले बाबा

वाचकाचं पत्र :

सप्रेम सलाम. मी एका चर्चचा पाळक आहे. सेवेत येऊन १४ वर्षं झाली. आमच्या मंडळीची उन्हाळी शिबिरं दरवर्षी मीच घेतो. आधी लहान मुलांचं सात दिवस, लगेच पाठोपाठ तरुणांचं पाच दिवस. यंदा लहानांच्या शिबिरात ८० मुलं होती. आम्ही एक प्रार्थनापेटी ठेवली होती. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, आणि रात्री आम्ही तिघे मोठे त्या चिठ्ठ्या वाचून प्रार्थना करायचो. चौथ्या रात्री एक चिठ्ठी निघाली : "माझे बाबा इथे जसे असतात तसे घरी पण असू देत." अक्षर माझ्या मुलीचं होतं. ती ११ वर्षांची आहे. बाकीचे दोघे म्हणाले, "कुणाच्या घरात काय चाललेलं असतं, बघा," आणि त्यांनी त्या घरासाठी मनापासून प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो.

तेव्हापासून झोप लागत नाही. पत्नीचं मला पूर्ण सहकार्य आहे, तिची काही तक्रार नाही. इकडे कार्यकारी मंडळ पुढच्या वर्षी तिसरं शिबिर घ्या म्हणतंय. मी शिबिरं सोडावीत का? कधी कधी वाटतं, सेवाच सोडावी. आणि मुलीला सांगू का, की चिठ्ठी मी ओळखली?

– एक पाळक


प्रिय पाळकबंधू,

सप्रेम सलाम. "मी आमेन म्हणालो" या तीन शब्दांशी आलो आणि पत्र खाली ठेवलं. चहूकडून ऐकलेल्या दुःखांवर आपण आमेन म्हणतो, पण स्वतःच्या घरासाठी चाललेल्या प्रार्थनेत परक्यासारखं बसून आमेन म्हणायची वेळ फार थोड्यांवर येते. मीही ३१ वर्षं पाळक होतो आणि त्यातली बरीच उन्हाळी शिबिरांत गेली. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते वरच्या पायरीवरून नाही.

सेवा सोडण्याचा प्रश्न आधी बाजूला ठेवू, कारण तो तुमच्या मुलीने विचारलेलाच नाही. चिठ्ठी पुन्हा वाचा. बाबांनी शिबिर घेऊ नये असं तिने लिहिलेलं नाही. बाबांना वेळ मिळू दे, असंही नाही. उलट शिबिरातले बाबा तिला आवडले आहेत. पाळकांच्या किती मुलांना बापाचं काम आवडतं, सांगा बरं? अशा मुलीच्या चिठ्ठीला तुम्ही राजीनाम्याने उत्तर दिलंत, तर मोठी झाल्यावर ती एवढंच लक्षात ठेवेल की माझ्या एका ओळीपायी बाबांची सेवा सुटली. हे ओझं तिच्या डोक्यावर देऊ नका.

प्रश्न तिचा साधा आहे : तिथला माणूस इथे का येत नाही?

याचं उत्तर तुमच्या स्वभावात शोधत बसलात तर रात्री अशाच जातील. मला वाटतं, ते घंटेत आहे. शिबिरात उठायची घंटा असते, शास्त्रपाठाची असते, खेळाची असते, दिवे मालवायची असते. फोन पेटीत जमा असतात, मुलांचे आणि तुमचेही. मंडळीतलं कुणी अडलं तर "पाळकसाहेब शिबिरात आहेत" एवढ्या वाक्यावर भागतं, लोक आठवडाभर खुशाल थांबतात. "पाळकसाहेब घरी आहेत" हे वाक्य मात्र बरोबर उलटं चालतं. घरी आहेत, म्हणजे मोकळे आहेत, म्हणजे जाऊन येऊ या. शिबिरात दुपारी चार ते सहा तुम्ही मुलांबरोबर चेंडूमागे धावता, कारण त्या दोन तासांत तुमच्याकडून दुसरं काही कुणाला नको असतं. घरी असे दोन तास तुम्हाला शेवटचे कधी मिळाले होते?

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा बोचेल. शिबिरातल्या मुलांवर माया करणं सोपं असतं, कारण सातव्या दिवशी त्यांची बस निघते. त्यांनी आपल्याला चिडलेलं, हिशोबात अडकलेलं, कुणाच्या तरी बोलण्याने दुखावून गप्प बसलेलं पाहिलेलं नसतं. ऐंशी मुलांचा सात दिवसांचा बाप होणं मलाही छान जमायचं.

तुम्हाला मी ओळखत नाही, पण पाळकांना ओळखतो. हे वाचून तुम्ही येत्या सोमवारपासून घरात शिबिर सुरू कराल. भिंतीवर वेळापत्रक लागेल, जेवणाआधी कृतिगीत होईल, झोपताना "आज देवाने तुला काय शिकवलं?" हा प्रश्न येईल. कृपा करून यातलं काही करू नका. तिला बाबा हवे आहेत, शिबिरप्रमुख नको.

बायबलमधल्या निर्गमाच्या १८व्या अध्यायावर तुम्ही संदेश दिलाच असेल, प्रत्येकानेच दिलेला असतो. मोशे एकटाच न्याय करायला बसतो, सासरा इथ्रो सांगतो की बाबा रे, तू असा झिजून जाशील आणि हे लोकही थकतील, तेव्हा हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेम. कामाची वाटणी कशी करावी याचा धडा म्हणून आपण तो वाचतो आणि अध्याय मिटतो. पण त्याची सुरुवात कशाने होते ते पाहा. मोशेने बायकोला माहेरी पाठवलेलं असतं. इथ्रो तिला, सिप्पोरेला, आणि गेर्षोम व अलियेजर या दोन मुलांना घेऊन रानात येतो, जिथे देवाच्या डोंगरापाशी मोशेचा तळ पडलेला आहे. म्हणजे हाही एक कॅम्पच. मोशे बाहेर येतो, सासऱ्याला नमस्कार करतो, त्याचं चुंबन घेतो, क्षेमकुशल विचारतो, तंबूत नेऊन देवाने केलेलं सगळं सांगतो. बायकोशी आणि मुलांशी तो काय बोलला, याबद्दल एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो लोकांत बसलेला आहे. इथ्रोने ते दृश्य पाहिलं आणि मग तोंड उघडलं. तो मोठा व्यवस्थापनतज्ज्ञ होता असं मला कधीच वाटलं नाही. लेकीला आणि नातवंडांना इतक्या दुरून आणून सोडलेला तो एक बाप होता.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या आफ्रिकेतल्या मिशनऱ्याचं नाव आपल्या लोकांना मोठं आदराचं. १८५२ मध्ये त्याने बायको आणि मुलं ब्रिटनला पाठवून दिली आणि स्वतः आफ्रिकेच्या आत निघून गेला. पुढे आपल्या सेवेकडे वळून पाहताना त्याने लिहून ठेवलं की एकाच गोष्टीची टोचणी आहे : मुलांशी खेळायला वेगळा वेळ काढणं हे आपलं कर्तव्य आहे, असं तेव्हा वाटलं नाही. दिवसभराच्या कामाने तो इतका गळून जायचा की संध्याकाळी अंगात मौज म्हणून उरायची नाही. मुलं भराभर वाढली, आणि खेळायला कुणी राहिलं नाही. गेलेल्या वर्षांबद्दल, प्रवासांबद्दल, तापांबद्दल तो कुरकुरत नाही. न झालेल्या खेळाबद्दल त्याला वाईट वाटतं. तुमच्या मुलीची चिठ्ठी आणि लिव्हिंग्स्टनची ही नोंद शेजारी शेजारी ठेवली तर मला तरी त्यांत फरक दिसत नाही. फरक एवढाच की तुमची चिठ्ठी वेळेत आली आहे.

आता घंटा घरी कशी आणायची ते. मार्कच्या सहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना म्हणतो, रानात एकांती चला, थोडा विसावा घ्या. त्यांना जेवायलाही सवड होत नव्हती. हे वचन विश्रांतीच्या प्रत्येक शिबिराच्या फलकावर असतं. पुढे काय झालं ते फलकावर नसतं : लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथे पोचले, विसावा राहिला बाजूला, आणि दिवस पाच हजारांना जेवू घालण्यात गेला. असं होतंच. पण त्या संध्याकाळी येशूने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवलं, स्वतः लोकांना निरोप दिला आणि डोंगरावर प्रार्थनेला गेला. निरोप दिला, हे पाहा. त्या गर्दीत आणखी कुणी दुखणाईत नसेल? कुणाचा प्रश्न राहिला नसेल? तरीही त्याने त्यांना घरी जायला सांगितलं. आपण पाळक लोक गर्दी जमवायला शिकतो, सेमिनरीत निरोप द्यायला कुणी शिकवत नाही.

म्हणून वडीलमंडळातल्या चार माणसांना बोलवा आणि रात्रीच्या फोनच्या पाळ्या लावा. मरण, इस्पितळ, अपघात यांसाठी तुम्हाला कधीही उठवायचं. बाकी सगळं, म्हणजे गायनमंडळाचं भांडण, दाखल्यावरची सही, "सहज फोन केला होता", हे सकाळी. सुरुवातीला दोन-तीन जण रुसतील. त्यांचा रुसवा शिबिराच्या सात दिवसांत कसा आपोआप शमतो ते तुम्ही बघितलंच आहे.

आता एका वाक्याबद्दल. "पत्नीचं पूर्ण सहकार्य आहे, तिची काही तक्रार नाही." हे वाक्य मी स्वतः किमान २५ वर्षं वापरलं, वार्षिक अहवालातसुद्धा. निवृत्त झाल्यावर एकदा बायको म्हणाली, "तक्रार केली असती तर कुणाकडे? पाळकाकडेच ना?" तुमच्या पत्रात मुलीचं वय आहे, शिबिराचे दिवस आहेत, मुलांचा आकडा आहे. पत्नी त्या बारा दिवसांत कुठे असते आणि काय करते, यावर एक शब्द नाही. मला अंदाज आहे. आजारी मुलाच्या उशाशी ती, घराची आठवण येऊन रडणाऱ्या मुलीजवळ ती, आणि आभारप्रदर्शनात शेवटून दुसरी. रेव्हरंड ना. वा. टिळक थोर कवी होते यात वाद नाही, पण लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचल्या की त्या घराचा गाडा कुणी ओढला तेही कळतं. लक्ष्मीबाईंकडे निदान तशी लेखणी होती. तुमच्या पत्नीला विचारा. "तुझी काही हरकत नाही ना?" असं विचारू नका, त्याला एकच उत्तर असतं. पुढच्या उन्हाळ्याची दिनदर्शिका कोरी पुढ्यात ठेवा, पेन्सिल तिच्या हातात द्या, आणि आधी तिला भरू द्या. कार्यकारी मंडळाची बैठक त्यानंतर.

त्या बैठकीत तिसऱ्या शिबिराला नाही म्हणा. निदान पुढच्या वर्षी तरी. शिबिराची किंमत मला ठाऊक नाही असं नाही. घरापासून पहिल्यांदा दूर राहिलेलं मूल शेकोटीपाशी आपल्याच तोंडून आलेली प्रार्थना ऐकून दचकतं, ते मी पाहिलं आहे. आयुष्यभर मागे बसणारा एखादा मुलगा पाचव्या दिवशी दोरीच्या गाठी इतरांना शिकवायला लागतो. हे रविवारच्या तासाभरात होत नाही. पण ते तुमच्या संदेशामुळेही होत नाही, क्षमा करा. मुलांना आठवतो तो गटप्रमुख, ज्याने रात्री त्यांच्याबरोबर बाहेरपर्यंत चालत जाऊन विजेरी धरली होती. १८८० मध्ये जॉर्ज हिंक्ली नावाच्या अमेरिकन पाळकाने आपल्या मंडळीतल्या मुलांना र्‍होड आयलंडमधल्या एका बेटावर तळ ठोकायला नेलं. चर्चच्या शिबिरांचा आरंभ सहसा तिथून धरतात. किती मुलं होती? सात. आपण ऐंशीवर आलो आणि तरी पाळक एकच, हे आपलं गणित.

अमेरिकन कॅम्प असोसिएशन मुक्कामी शिबिरांसाठी ९ ते १४ वर्षांच्या दर ८ मुलांमागे एक मोठं माणूस सांगते, आणि ६ ते ८ वर्षांच्या दर ६ मुलांमागे एक. ऐंशी मुलांना म्हणजे दहा-बारा जण हवेत, आणि तेही रात्रंदिवस. शिवाय कुठल्याही मुलाबरोबर एकटं मोठं माणूस असू नये हा नियम पाळायचा तर आणखी दोन-तीन. (तुमच्या घरी दोन मोठ्या माणसांमागे एक मुलगी आहे. कागदावर हे प्रमाण उत्तमच.) तेव्हा मंडळाला सांगा, पुढच्या वर्षी तिसऱ्या शिबिराचे दिवस गटप्रमुखांच्या तयारीला द्या. प्रथमोपचार शिकवा, बसचं आणि नावनोंदणीचं काम वाटून द्या, शेकोटीचा संदेश एखाद्या रात्री विशीतल्या मुलीला द्या. तिचा तुमच्याहून बरा झाला तर रागावू नका. मला राग आला होता.

तुमच्या मुलीच्या शिबिरातल्या जागेबद्दलही बोलायला हवं. ती तिथे तुम्हाला काय हाक मारते? बहुतेक सगळ्यांसारखी "पाळकसाहेब". पाळकांच्या मुलांना दोन्हीकडून मार बसतो. स्पर्धेत जिंकली तर "तिचे बाबाच परीक्षक", आणि रांगेत उभी राहिली तर "तू घरचीच, मागे हो". तिला तुमच्या गटात घेऊ नका, पण हाक "बाबा"च असू दे, ऐंशी जणांसमोर. आणि पुढच्या वर्षी यायचं की नाही ते तिला ठरवू द्या, कपाळावर आठी न आणता. आजीकडे जाईन म्हणाली तर तिला देवाचं वावडं झालं असं होत नाही. बाप मंडळीची देखरेख कशी करणार, तर घराकडे पाहा, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं ते बापासाठी. ते वचन तिच्या वागण्यावर काठीसारखं उगारू नका, आणि दुसऱ्या कुणाला उगारूही देऊ नका.

शिबिरानंतरचे दोन दिवस तुमचे कसे जातात हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझे कसे जायचे ते सांगतो. घसा बसलेला, डोळे तांबडे, आणि घरात कुणी भांडं जरी आपटलं तरी मी खेकसायचो. ऐंशी मुलांना हसवून आलेला माणूस एका पोराचा प्रश्न सहन करू शकत नव्हता. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवून आलेला एलीया संदेष्टा रानातल्या झुडुपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला संदेश देत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, उठवतो, पुन्हा भाकर देतो. हे दोन दिवस मंडळीच्या वेळापत्रकात शिबिराचाच भाग म्हणून लिहा, सुट्टी म्हणून नको. सुट्टी म्हटलं की कुणीतरी लग्नाचं विचारायला येतंच. आणि तरुणांचं शिबिर लहानांच्या पाठोपाठ लावू नका. मधे दहा दिवस तरी जाऊ द्या.

त्याच दोन दिवसांतली माझी एक आठवण आहे. एका वर्षी शेवटच्या रात्री पाऊस आला आणि तंबू ओलेच गुंडाळून आणावे लागले. दुसऱ्या दिवशी ते चर्चच्या आवारात पसरून वाळवायला आणि खुंट्या मोजायला मी आणि माझा मुलगा, दोघेच होतो. तो तेव्हा साधारण तुमच्या मुलीएवढा. माझा आवाज पूर्ण गेला होता, शिट्टी सोडून काही निघत नव्हतं. त्यामुळे तो बोलला. शाळेतल्या एका मुलाबद्दल, रात्री वाटणाऱ्या भीतीबद्दल, आणि काहीबाही, तीन तास. मला मधे बोलता येत नव्हतं म्हणून मी काहीच बिघडवू शकलो नाही. आज तो चाळिशीचा आहे. शिबिरांचं काय आठवतं विचारलं तर शेकोट्या सांगत नाही, त्या खुंट्या सांगतो. चौदा कमी भरल्या होत्या, हेही.

पण पुढच्याच रविवारी मी काय केलं ते ऐका. त्याने सांगितलेली भीतीची गोष्ट मी संदेशात उदाहरण म्हणून वापरली. नाव घेतलं नव्हतं, तरी सगळ्या माना वळल्या, काहीजण कौतुकाने हसले. पुढचं वर्षभर तो पुढच्या बाकावर बसला नाही. तेव्हा ही चिठ्ठी संदेशात आणायची नाही. या वर्षी नाही, दहा वर्षांनी नाही, दुसऱ्या गावच्या मंडळीतही नाही. माझी गोष्ट मी इथे लिहिली, ती त्याला विचारून.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. चिठ्ठी ओळखल्याचं आपणहून सांगू नका. नाव लागणार नाही असं तुम्ही मुलांना सांगितलं होतं, तो शब्द तिलाही दिलेला आहे. पण बाबाला आपलं अक्षर कळत नाही, एवढी ती भोळी नसणार. पेटी रात्री कोण उघडतं हेही तिला माहीत होतं. माझा कयास असा की शिबिरात प्रत्येक मुलाला पाळकसाहेबांपाशी जायची पाळी मिळते, म्हणून तीही त्याच रांगेत उभी राहिली. तिने कधी विचारलं, "बाबा, तुम्ही वाचली होती?" तर त्या क्षणी खरं सांगा : हो, वाचली, ओळखली, आणि त्या रात्री झोपलो नाही. क्षमा मागायची तर तेव्हा मागा, एका वाक्यात. लांबली की तिलाच तुमची समजूत घालावी लागेल.

त्या दोघांना मात्र सांगा, जे तुमच्या शेजारी बसून प्रार्थना करत होते. ज्या घरासाठी त्यांनी प्रार्थना केली ते तुमचंच होतं, हे त्यांना कळलं की रात्रीच्या फोनच्या पाळ्यांत पहिली दोन नावं त्यांचीच लागतील. मुलीचा शब्द त्यांनीही पाळायचा आहे, हेही तेव्हाच बजावा. आणि पुढच्या शिबिरात ती पेटी उघडायला तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवा. तिला अजून काही लिहायचं असेल.

तुमचा,
एक निवृत्त पाळक